भलत्याच कामाची औषधं

पार्किन्सन्सच्या औषधांची यादी हातात घ्यावी आणि एकेकाला विचारावं, "काय रे बाबा, तू मूळचा कुठला?" उत्तरं ऐकून गंमत वाटते. एक म्हणतं मी फ्लूचं. दुसरं म्हणतं, माझं काम उलटी करवण्याचं. तिसरं हंगेरीत नैराश्यासाठी तयार झालेलं. चौथं बाळंतिणीचं दूध थांबवायला देत असत. नोकरी एकीकडे लागली आणि नाव दुसरीकडेच झालं, असा हा प्रकार.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, एवढंच माझं भांडवल. पण २०१४ साली सौ.ला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं आणि तेव्हापासून घरातलं औषधखातं माझ्याकडे आलं. आठवड्याचा डबा भरायचा, वेळा पाळायच्या, कागदावर टिपून ठेवायच्या. गोळीच्या पाकिटातला तो बारीक अक्षरातला कागदही मी भिंग लावून वाचतो. (सौ. म्हणते, "अहो, परीक्षा आहे का त्यावर?")

काही काळापूर्वी डॉक्टरांनी तिच्या डब्यात अमांटाडीनची भर घातली. लेव्होडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध. पण ते काही वर्षं घेतल्यावर अनेकांना एक नवाच त्रास सुरू होतो. मान, खांदे, हात आपोआप डोलू लागतात. डॉक्टर त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई गाण्यावर ठेका धरून बसल्यात. ते डोलणं कमी व्हावं म्हणून ही नवी गोळी. दुकानातला नुकताच फार्मसी शिकून आलेला मुलगा चिठ्ठी बघून म्हणाला, "आजोबा, हे तर फ्लूचं औषध. आम्हाला पुस्तकात होतं." मुलगा हुशार. चुकीचं काहीच बोलला नव्हता. मग मी या गोळीची कुंडली मांडायला बसलो.

हिचा मूळ पुरुष अ‍ॅडामांटेन. १९३३ साली चेकोस्लोव्हाकियातल्या खनिज तेलात हा पदार्थ सापडला. त्यातल्या कार्बनच्या अणूंची मांडणी हिऱ्यातल्यासारखी, म्हणून नावही हिऱ्यावरून. त्यापासून केलेलं अमांटाडीन फ्लूच्या विषाणूला अटकाव करतं असं दिसलं आणि १९६६ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती एशियन फ्लू होऊ नये म्हणून घेण्याचं औषध म्हणून. मेंदूशी त्याचा संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता १९६८ चा एप्रिल महिना. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रॉबर्ट श्वाब यांच्याकडे एक अठ्ठावन्न वर्षांची बाई आली. पार्किन्सन्स बऱ्यापैकी वाढलेला, शरीराच्या दोन्ही बाजूंना. तिने सांगितलं ते असं : तीन महिन्यांपूर्वी फ्लू होऊ नये म्हणून ती अमांटाडीन घेत होती, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. त्या काळात तिचा ताठरपणा, कंप, हालचालीतला मंदपणा हे सगळं विलक्षण कमी झालं. सहा आठवड्यांनी गोळी थांबवली आणि सगळं पुन्हा होतं तसं झालं.

वाचकहो, इथे जरा थांबू या. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? फ्लूची गोळी घेताना बरं वाटलं, तर आपण म्हणालो असतो, हवा मानवली, किंवा देव पावला. गोळी थांबल्यावर पुन्हा त्रास वाढला, तर म्हणालो असतो, आजारच तसा आहे. या बाईने दोन्ही टोकं जोडली आणि तीन महिने लक्षात ठेवून ती डॉक्टरांना सांगितली. आणि डॉक्टरांनी "बरं बरं, पुढचं बोला" असं म्हणून तिला उडवून लावलं नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरसमोर तपासणीची दहा मिनिटं कशी सरतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली दुर्मिळता कळेल.

श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग १६३ रुग्णांना हे औषध देऊन पाहिलं. १९६९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला : ६६ टक्के रुग्णांना फायदा झाला. काहींचा गुण पुढे हळूहळू ओसरला, हेही त्यांनी लिहिलं. लेखावर डॉक्टरांची नावं आहेत. बाईचं नाव नाही, आणि रुग्णाचं नाव छापू नये हा नियम योग्यच आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते : मूळ साक्षीदार कोण, हे तो शोधतो. इथे मूळ साक्षीदार ती. तिचं बोलणं आपल्यापर्यंत डॉक्टरांच्या चार ओळींतून येतं. वय, गोळीचं माप, आठवड्यांची संख्या. तिला ते बरे दिवस कसे वाटले असतील, सकाळी उठून स्वतःच्या हाताने वेणी घालता आली असेल का, याची नोंद कुठे नाही.

श्वाबही साधा माणूस नसावा. याच माणसाने १९५१ साली अ‍ॅपोमॉर्फीन पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. हे अ‍ॅपोमॉर्फीन म्हणजेच ते उलटी करवण्याचं औषध, कुणी विष घेतलं तर पोट रिकामं करायला देत. आज ते इंजेक्शनने किंवा पंपाने, आजार फार पुढे गेलेल्या रुग्णांना देतात. एकाच डॉक्टरच्या हातून भलत्याच कामाची दोन औषधं या आजाराकडे आली, याला मी निव्वळ नशीब मानायला तयार नाही. त्यांना ऐकायची सवय असणार.

अमांटाडीनची गोष्ट इथे संपत नाही. १९९८ साली त्याची दुसरी बदली झाली. लेव्होडोपामुळे होणाऱ्या त्या डोलण्यावर ते देऊन पाहिलं. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण फक्त चौदा. पण त्यांना आळीपाळीने खरी गोळी आणि तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी दिली होती आणि कोणती कधी ते त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीवर डोलण्याचा जोर साठ टक्क्यांनी उतरला. दरम्यान पहिली नोकरी गेली! फ्लूचे विषाणू या औषधाला पुरून उरले आणि २००६ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने फ्लूसाठी ते वापरू नका असं सांगितलं. म्हणजे दुकानातल्या त्या मुलाचं पुस्तक जुनं झालं आहे, एवढंच.

सौ.ला त्याचा उपयोग झाला. डोलणं निम्म्यावर आलं. त्याबरोबर पायांवर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटली. तीही या औषधाचीच करणी. ती म्हणाली, "असू दे, साडी पायघोळच असते."

आता आपल्याकडच्या एका मुळीची गोष्ट. सर्पगंधा. रक्तदाब, निद्रानाश, वेड यांवर ही मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. रक्तदाबावर आणि मनोरुग्णांवर ते भरपूर वापरलं गेलं. आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांपैकी काहीजण ताठ होऊ लागले, हात थरथरू लागले. हुबेहूब पार्किन्सन्स!

सर्पगंधा पार्किन्सन्सचं औषध झाली नाही. तिने दुसरंच काम केलं. स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपाचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून हिंडू लागले. साल १९५७. मेंदूत डोपामीन नावाचं काही आहे आणि ते आटलं की हालचाल थांबते, हा धागा तिथे सापडला. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी वारलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन खरोखरच कमी असल्याचं दाखवलं, १९६७ मध्ये अमेरिकेत कॉट्झियास यांनी डोपा मोठ्या मात्रेत तोंडावाटे देऊन रुग्ण चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे दुष्परिणामही कुणीतरी नीट पाहिला तर कामाला येतो. (आणि हा डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत आहे, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच छापलं होतं. तेव्हा त्याचं काय करायचं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.)

हे सगळं जुन्या पद्धतीचं. कुणाला तरी काहीतरी दिसलं, कुणीतरी ऐकलं. अलीकडे उलट बाजूने शोध चालतो. आधीच दुकानात असलेली औषधं घ्यायची, आजाराबद्दल जे कळलं आहे त्याच्याशी ताडून बघायची आणि जुळेल ते रुग्णांवर तपासायचं. यात शहाणपणा आहे. नवं औषध काढायला दहा-पंधरा वर्षं आणि अफाट पैसा लागतो. जुन्या औषधाची सुरक्षितता बरीचशी माहीत असते. अडचण एकच, पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीत कंपन्यांना रस नसतो. त्यामुळे ही कामं बरीचशी धर्मादाय संस्था आणि सरकारी पैशांवर चालतात. पण जुनं आहे म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण धोक्याचं. थॅलसेमियाच्या मुलांच्या अंगातलं जादा लोह काढणारं डेफेरिप्रोन घ्या. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या त्या भागात लोह साठतं, तेव्हा ते काढलं तर बरं, हा विचार कुणालाही पटेल. युरोपात ३७२ नव्या रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ साली निकाल आला. डेफेरिप्रोन घेणाऱ्यांची तब्येत जास्त बिघडली! त्यांच्यातल्या २२ टक्के लोकांना चाचणीच्या काळातच नेहमीचं औषध सुरू करावं लागलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण तीन टक्केही नव्हतं.

मला चटका लावून गेली ती मधुमेहाच्या औषधाची कथा. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन इंग यांना १९९२ साली त्याच्या विषात एक पदार्थ मिळाला आणि त्यावरून एक्सेनटाईड हे मधुमेहाचं इंजेक्शन निघालं, २००५ साली बाजारात आलं. ते मेंदूतल्या पेशींनाही जपत असावं असं प्रयोगशाळेत दिसलं. लंडनमध्ये ६२ पार्किन्सन्सच्या रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला : हालचालींच्या गुणांमध्ये फायदा, आणि औषध थांबवल्यावरही तो काही आठवडे टिकलेला. त्या वर्षी मुलीने पुण्याहून मला कात्रण पाठवलं. सौ.ने ते चश्मा लावून दोनदा वाचलं आणि डब्याखाली घडी करून ठेवलं. मग मोठी चाचणी, १९४ रुग्ण, ९६ आठवडे. २०२५ च्या फेब्रुवारीत निकाल : काही फरक नाही. त्याच घराण्यातल्या लिक्सिसेनटाईडने २०२४ साली फ्रान्समध्ये १५६ रुग्णांत थोडा फायदा दाखवला होता, मळमळ-उलटीच्या मोबदल्यात. त्यामुळे दार अगदी बंद झालेलं नाही म्हणतात. पण ते कात्रण मी डब्याखालून काढून ठेवलं. तिने विचारलं नाही, मी बोललो नाही.

मग ती बॉस्टनची बाई खरी की ९६ आठवड्यांची चाचणी? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस होता. व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की पार्किन्सन्सच्या रुग्णाला औषध म्हणून नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं, तरी त्याच्या मेंदूत खरोखर डोपामीन स्रवतं. म्हणजे 'मनाचे खेळ' म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही; आशेनेच मेंदूत तो रस पाझरतो. म्हणूनच या आजारात, बरं वाटलं एवढ्यावर भागत नाही, शेजारी कोरी गोळी घेणारा गट लागतोच. त्या बाईबाबत मात्र एक गोष्ट वेगळी होती. तिने गोळी घेतली ती फ्लूसाठी. कंप कमी होईल अशी आशा तिच्या मनात यायला काही कारणच नव्हतं. इतिहासात अशा साक्षीदाराचं वजन जास्त असतं, ज्याला त्या घटनेतून काही मिळवायचं नसतं.

आता आमच्या घरातल्या सध्याच्या वादाकडे येतो. वादाचा विषय अडुळसा.

आमच्या परसात अडुळसा आहे. खोकला झाला की पानांचा काढा, मध घालून. तुमच्याही घरी होत असेल. या अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरून जर्मनीत ब्रोमहेक्सीन तयार झालं आणि त्यातून पुढे अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव सापडेल. २००९ साली दोन गोष्टी घडल्या. गोशे नावाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराचं जनुक ज्यांच्यात एका बाजूने बिघडलेलं असतं, त्यांना गोशे होत नाही. पण पाच हजारांहून अधिक पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या पाहणीत तो बिघाड इतरांपेक्षा पाचपटींहून जास्त आढळला. या जनुकाचं काम पेशीतला कचरा साफ करणारं एक विकर बनवणं. त्याच वर्षी टोरांटोच्या संशोधकांनी वापरात असलेली सुमारे हजार औषधं चाळून या विकराला टेकू देणारं औषध शोधलं. चाळणीत उरलं ते अँब्रॉक्सॉल. म्हणजे आमच्या परसातल्या झाडाचं नातवंड!

लंडनमध्ये सतरा रुग्णांवर ते वापरून २०२० साली छापलं गेलं. औषध मेंदूपर्यंत पोचतं, सहन होतं, एवढं त्यातून कळलं. कोऱ्या गोळीचा गट नव्हता. कॅनडात पार्किन्सन्समुळे स्मृतिभ्रंश झालेल्या ५५ जणांवरच्या चाचणीत, २०२५ साली, स्मरणशक्तीवर ठरवलेला फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांची दोन वर्षांची मोठी चाचणी २०२५ मध्ये सुरू झाली आहे.

एका नातेवाइकांनी हे कुठेसं वाचलं आणि फोन केला, "अहो मास्तर, साधं खोकल्याचं औषध. अडुळसाच तो. वहिनींना सुरू करून टाका." मी गणित मांडलं. लंडनच्या रुग्णांना दिवसाला १.२६ ग्रॅम देत होते. आपल्याकडची गोळी ३० मिलिग्रॅमची. म्हणजे रोज बेचाळीस गोळ्या! परसातल्या काढ्याचा तर यात हिशेबच लागत नाही. त्यात हे औषध नसतं, त्याचे पूर्वज असतात. डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "निकाल येऊ द्या." सौ.ने तिथल्या तिथे विचारलं, "निकाल येईपर्यंत माझं वय किती होईल?" ती आज एकाहत्तर वर्षांची आहे. डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, आणि टाळलंही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिची रोजनिशी मागितली.

ही रोजनिशी तिची स्वतःची. अक्षर आता मुंगीएवढं झालंय, या आजाराचं ते एक लक्षणच. पण कोणत्या वेळी गोळी, किती मिनिटांनी हात सुटले, दुपारी डाळ जास्त खाल्ली तर औषध उशिरा लागू पडलं, सगळं आहे. प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची आतड्यातून शिरताना चढाओढ होते हे मी पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी तिने ते टिपलं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ ती वही वाचली आणि एका गोळीची वेळ चाळीस मिनिटांनी मागे घेतली. त्याने दुपार बरी जाऊ लागली आहे.

एक गोष्ट मात्र अजून ठरायची आहे. ते बिघडलेलं जनुक तिच्यात आहे का, याची तपासणी करता येते. आज त्यामुळे तिच्या औषधात बदल होणार नाही. पण निघालं, तर प्रश्न तिच्यापुरता राहत नाही. दोन्ही मुलांमध्ये ते येण्याची शक्यता निम्मी निम्मी. ज्यांच्यात ते असतं त्यातल्या बऱ्याच जणांना पार्किन्सन्स कधीच होत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हणतो, कळलेलं बरं. ती म्हणते, "माझं रक्त, पण बातमी त्यांची. आधी त्यांना विचारा." दिवाळीत दोघंही येणार आहेत. तेव्हा विचारू.